माळ्यावरची भांडी माझी नाहीत

मी, मंदाकिनी यशवंत सावे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. टाईप करून घेतलेले नाही, कारण माझे अक्षर चांगले आहे आणि ते निम्म्या तालुक्याच्या भांड्यांवर आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टर मला आजचा वार विचारत होते. मी वार सांगितला आणि त्यांच्या लग्नात पाण्याचे पिंप कोणत्या मामाने दिले होते तेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकून पाहिला गेला होता, ते पुढे येईलच. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. करायला बसले होते, पण दरवेळी दुकानाच्या कलमाशी आले की पेन खाली ठेवून उठत असे. दुकान कोणाला द्यायचे हा प्रश्न नव्हता, ते कायद्याने कोणालाही देता येते. दुकानाच्या माळ्यावर जी भांडी आहेत ती माझ्यामागे कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. आता तो सुटला आहे. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतके मोकळे वाटलेले नाही, म्हणून हे जरा लांबेल. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

कलम १. माझी माणसे. माझे पती यशवंत हयात नाहीत. मला एक मुलगा, प्रीतम, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. एक मुलगी, जागृती, वाणगावला दिली आहे. प्रीतमची पत्नी दीपा ही माझी सून. यशवंतांच्या मागे मुलांनी दुकानावरचा हक्क सोडून रीतसर कागद करून दिलेला आहे, त्यामुळे दुकानाचा गाळा पूर्णपणे माझ्या नावावर आहे. या मृत्युपत्राचा अंमल जागृतीने करावा. ती कोणाला घाबरत नाही, मला तर मुळीच नाही.

कलम २. राहता फ्लॅट प्रीतमला द्यावा. पतपेढीतली ठेव प्रीतम व जागृती यांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि त्यावरून बोलणे बंद करू नये. माझ्या गळ्यातली मोहनमाळ जागृतीला, पाटल्या दीपाला. एडवणला माहेरच्या वाडीत माझ्या वाट्याची सुपारीची झाडे आहेत ती जागृतीला द्यावीत. तिने ती विकू नयेत असे मी म्हणणार नाही, पण विकण्याआधी एकदा संध्याकाळी तिथे जाऊन बसावे आणि मग ठरवावे.

कलम ३. दुकान कसे आले, ते. यशवंत तारा ओढायच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा प्रीतम पाळण्यात होता. बाजारातले हे दुकान एका कासारांचे होते. त्यांची मुले नाशिकला गेली आणि त्यांनाही घेऊन गेली, म्हणून गाळा आम्हाला मिळाला. सासरच्या मंडळींनी नाके मुरडली. आम्ही जातीचे वाडवळ, वाडवळाने वाडी करावी, नाहीतर नोकरी करावी, बाजारात बसून पातेली काय विकायची? यशवंतांना भांड्यातले खरोखरच काही कळत नव्हते. पहिल्याच खरेदीत त्यांनी भलीमोठी पातेली आणून ठेवली, वाडीतल्या लग्नात वरणाला लागतात तसली. आणि बोईसरला तेव्हा येत होते उत्तरेकडचे एकटे पुरुष, कारखान्यात लागलेले, एका खोलीत दाटीवाटीने राहणारे. त्यातला एक दारात उभा राहून म्हणाला, "भाभीजी, एक आदमी का बर्तन दिखाइए ना."

आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. एका माणसाचे भांडे आमच्याकडे नव्हतेच! दुसऱ्या दिवशी यशवंत जाऊन लहान तवा, लहान पातेले, एक ताट, एक पेला असे घेऊन आले आणि आम्ही एका माणसाचा संच बांधून ठेवू लागलो. तोच माणूस वर्षादोन वर्षांनी परत यायचा आणि लाजत म्हणायचा, "अब दो आदमी का." मग मी समोरून चहा मागवायचे. कितीतरी संसार मी असे एका ताटावरून दोनावर आणि दोनावरून चारावर गेलेले पाहिले. दुकान चालले ते त्या लहान तव्यावर.

भांड्यावर नाव घालायचे यंत्र यशवंतांच्या हातात थरथरायचे आणि अक्षरे मुंग्या चालल्यासारखी उमटायची. म्हणून ते काम माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले.

कलम ४. हत्यारे. नाव घालायचे यंत्र दीपाला द्यावे. मोठा काटा व वजने दुकानातच राहू द्यावीत, पितळ मोडीत घेताना लागतात. यशवंतांचे गल्ल्यामागचे स्टूल प्रदीप यांना द्यावेसे वाटत होते, कारण ते समोरच्या आपल्या चपलांच्या दुकानापेक्षा त्या स्टुलावरच जास्त बसतात. पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे आमच्या वकील प्रतीक्षाताई म्हणतात. तेव्हा स्टूल दुकानाचेच, प्रदीप यांनी बसत राहावे. अण्णा भजीवाले यांनाही याच कारणाने काही दिलेले नाही. त्यांनी तक्रार करू नये, साक्षीदार होण्याची हौस त्यांचीच होती. लाकडी शिडी कोणालाही देऊ नये. ती फोडून जाळावी. तिने मला पाडले आहे.

कलम ५. मोठ्या मार्टबद्दल. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्ट झाले आहे, त्याच्याशी माझी दुष्मनी नाही. मी एकदा स्वतः आत जाऊन आले. गार हवा, चकचकीत फरशी, भांडी छान रचलेली. मी बराच वेळ फिरले. काय हवे, कोणाला द्यायचे आहे, घरात माणसे किती, हे मला कोणीही विचारले नाही. एका मुलीने फक्त प्लास्टिकची टोपली हातात दिली. आमच्या गल्लीत मंगला नावाची शिक्षिका माझ्याकडे एकदा रांजणासारखा प्रचंड कुकर मागत होती. घरात माणसे तीन. मी दिला नाही. ती माझ्याशी भांडून गेली, विकायला बसली आहे की अडवायला, म्हणाली. मग आठवड्याने येऊन लहान घेऊन गेली. मार्टमध्ये तिला मोठाच मिळाला असता आणि त्यावर काहीतरी फुकटही मिळाले असते.

कुंभवलीच्या एका कुटुंबाने (नाव लिहीत नाही, ते हे वाचतील) मार्टमधून स्टीलचा डिनर सेट आणला आणि नाव घालायला माझ्याकडे घेऊन आले. मी विचारले, "जिथून आणला तिथे नाही का घालून देत?"

घरातली मोठी बाई म्हणाली, "तिथं कोण वलकीचा हाय आमचा?"

ओळखीचे म्हणून माझ्याकडे, आणि खरेदी दुसरीकडे! मी नावे घालून दिली. पण दर ताटामागे अण्णांकडची एक भजी प्लेट असा भाव लावला. त्यांनी मुकाट्याने दिला. भजी सगळ्या गल्लीने खाल्ली आणि त्यांनीही खाल्ली. त्यानंतरच्या लग्नाची भांडी त्यांनी माझ्याकडूनच घेतली, हे कबूल केले पाहिजे.

कलम ६. माझे शेवटचे विधी. यासाठी लागणारी एकही वस्तू घरपोच मागवू नये. दोन दिवसांत येईल म्हणतात, मी तेवढी थांबणार नाही. कापड बाजारातून आणावे. फुले सपनाकडून घ्यावीत, ती स्टेशनच्या रस्त्याला बसते, तिची फुले सकाळी सकाळी वाडीतून आलेली असतात. तेराव्याला पत्रावळी पाड्यावरून येणाऱ्या बायकांकडच्या आणाव्यात, थर्माकोलच्या नकोत. माझ्या स्मरणार्थ भांडी वाटू नयेत. जन्मभर मी इतरांच्या स्मरणार्थ वाट्या-पेल्यांवर नावे घातली आणि पुढे त्याच वाट्यांतून लोक कोंबड्यांना पाणी पाजतात हे डोळ्यांनी पाहिले. दीपाला (ती धंद्यात कशी आली ते कलम आठमध्ये आहे) धंदा बुडाल्यासारखे वाटत असेल तर तिने ती भांडी विकावीत, पण वाटू नयेत.

ज्यांना माझ्यासाठी हळहळ वाटेल त्यांनी फोटोला हार आणू नये. त्याऐवजी आपल्या गल्लीतल्या दुकानात जावे. घरात लागणारी एखादी वस्तू तिथून घ्यावी, भाव करावा, दुकानदाराची मुले काय करतात ते विचारावे. भाव जरूर करावा, कारण गिऱ्हाईक तोंड न उघडता पैसे टाकून गेले की दिवसभर करमत नाही. आणि तुमच्या पायाला लागलेले असेल, सुट्टे नसतील, घरी पाहुणे अवचित आलेले असतील, तेव्हा अर्धे शटर वर करून देणारे माणूस त्याच गल्लीत असते. हे बंधनकारक करता येत नाही असे प्रतीक्षाताई म्हणतात. मग विनंती समजावी. पण कोण कुठून खरेदी करते ते मी ओळखते, हे सर्वांना माहीत आहे.

कलम ७. माळ्यावरची भांडी. हे कलम नीट वाचावे.

दुकानाच्या माळ्यावर तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, घागरी, पराती असे जे काही आहे ते माझे नाही. तो दुकानाचा माल नाही, मोडीत आलेला नाही, कोणाचे काही गहाण नाही. ती ठेव आहे. माझ्या मालमत्तेची यादी करताना यातली एक वाटीही त्यात धरू नये. प्रतीक्षाताई म्हणाल्या, "काकू, जे तुमचं नाहीच ते मृत्युपत्रात कशाला लिहिता?" मी म्हटले, "जे माझं आहे ते मुलांना माहीत आहे. जे नाही तेच लिहून ठेवायला हवं."

वाणगावच्या पूर्वेला डोंगरातल्या पाड्यांवरची कुटुंबे पावसावरच्या लहान तुकड्यांवर शेती करतात. भात घरात आले, दिवाळी झाली, की त्यातली बरीचशी वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर कामाला निघतात आणि मे महिन्यात परततात. मधले महिने कुडाचे घर रिकामे आणि कुलूप नावापुरते. घरात एखादा तांब्याचा हंडा असतो, लग्नात आलेला किंवा मोठ्या हौसेने घेतलेला. तो भट्टीवर नेला तर ओझे, मागे ठेवला तर जिवाला घोर.

खूप वर्षांपूर्वी रखमा नावाची अशीच एक बाई नवरा सुका आणि पोरांना घेऊन कामाला निघाली होती, ती डोक्यावर हंडा घेऊन आमच्या दुकानात शिरली. हंडा आमच्याकडूनच घेतलेला होता. म्हणाली, "मंदाबाय, ह्यो हंडा तुज्या माळ्यावं ठेव. आमी आलो का नेऊ."

यशवंत म्हणाले, "अहो बाई, आम्ही कोणाचं ठेवत नाही. पावती नाही, काही नाही, उद्या भानगड झाली तर?"

"पावती कशाला रे दादा? वर माजा नाव हाय. तुज्या बायकूनंच घातलाय."

मी हंडा माळ्यावर ठेवला. पुढच्या दिवाळीनंतर रखमा आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी बायका होत्या, त्यात तिच्याच पाड्यावरच्या देवूची बायको बायडी होती, जी आजतागायत दरवर्षी कळशी ठेवताना मला बजावते की पोचा आला तर तू जबाबदार. तेव्हापासून माळा दिवाळीनंतर भरतो आणि मे महिन्यात रिकामा होतो. पुढे बोईसरच्या चाळीतल्या काही बायकाही भांडी आणून ठेवू लागल्या, त्यांची कारणे वेगळी होती, मी विचारली नाहीत. एकीचा नवरा एकदा येऊन म्हणाला, "द्या इकडे ती परात, बायको माझीच आहे ना?" मी म्हटले, "बायको तुमची, परात तिची." ज्याचे नाव त्याच्याच हाती, एवढा एकच नियम मी केला. भाडे कधी घेतले नाही. पण हिशेबी माणसाने हेही लक्षात घ्यावे, की त्या बायका तवा घेतात, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली घेतात, लेकीच्या लग्नाची भांडी घेतात, ती माझ्याचकडून.

प्रीतम एकदा वैतागून म्हणाला होता, "आई, ही काय धर्मशाळा आहे?"

"हे दुकान आहे," मी म्हटले. त्याला ते उत्तर वाटले नाही.

कलम ८. दुकान. दुकानाचा गाळा, त्यातला सर्व माल, फर्निचर, दुकानाचे नाव आणि गिऱ्हाइके मी माझी सून दीपा हिला देत आहे.

हे वाचून नातेवाइकांपैकी काहीजणांना ठसका लागेल. त्यांना कारण सांगते. दीपाबद्दल माझी जुनी तक्रार सगळ्यांना पाठ आहे, कारण मी ती सगळ्यांना सांगितली आहे. लग्न होऊन आल्यापासून ही मुलगी प्रत्येक वस्तू मोबाईलवरून मागवायची. घरी दिवसा कोणी नसते म्हणून पत्ता दुकानाचा द्यायची. एक दिवस माझ्याच नावाने पार्सल आले, मी सही करून घेतले, उघडून पाहते तर बटाट्याची साले काढायचे सोलाणे! माझ्या डोक्यावर दोरीला डझनभर सोलाणी लटकत होती. समोरून प्रदीप पाहत होते. मी ते सोलाणे माझ्या सोलाण्यांशेजारी टांगले आणि संध्याकाळपर्यंत विकून टाकले. दीपाने विचारले तेव्हा सांगितले, की तुझे गेले, आता दुकानातले घे.

यंदा माघात मी त्या शिडीवरून पडले आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी पालघरला इस्पितळात राहिले. प्रीतमला वाटले, आई आता काही दुकानात बसणार नाही. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही, मलाही तसेच वाटत होते. पार्सले घरोघर पोचवणाऱ्या एका कंपनीला बाजारात जागा हवी होती आणि आमचा गाळा त्यांना आवडला. भाडे चांगले होते. जागा मात्र रिकामी हवी होती. इस्पितळात येऊन त्याने मला दोनतीनदा समजावले, हाच तो दाब, जो मी वर म्हटला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याने ते हो समजले.

त्याने माल एका व्यापाऱ्याला दाखवला आणि माळा रिकामा करायला भंगारवाल्याला बोलावले. स्वतः कामावर होता, म्हणून किल्ली घेऊन दीपाला पाठवले. पुढचे मी प्रदीप यांच्याकडून ऐकले. त्यांनी ते मला निरनिराळ्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा, उभे राहून, हातवारे करून सांगितले आहे, त्यामुळे मी तिथे होते असेच मला आता वाटते.

भंगारवाल्याची माणसे माळ्यावरून हंडे खाली देत होती आणि टेम्पोत चढवत होती. दीपा फोनमध्ये बघत दारात उभी होती. एक हंडा तिच्या पायाशी आला. तिने तो फिरवून पाहिला. मग दुसरा पाहिला, मग तिसरा. फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "रुको. सब नीचे रखो."

"मैडम, साहब ने पूरा माल बोला है."

"साहब का नहीं है."

"फिर किसका है?"

"लिखा है ना," दीपा म्हणाली आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. गल्लीतले लोक दुकानांतून बाहेर आले. अण्णांनी भज्यांची कढई उतरवली. दीपाने प्रीतमला फोन लावला. तो म्हणाला, अगं, जुनी भांडी आहेत ती. "जुनी आहेत, पण आपली नाहीत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. टेम्पोत चढलेली भांडी तिने उतरवून घेतली, एकही सोडले नाही, आणि सगळी परत माळ्यावर चढेपर्यंत शटर निम्मे ओढून मध्ये उभी राहिली.

हे तिला कोणी शिकवले नव्हते. माळ्याचा नियम मी तिला कधी सांगितला नव्हता, कारण तिला ऐकायचे असेल असे मला वाटलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडले. मला इस्पितळात फोन आला, "आई, चार नंबरचं पातेलं किती भावाने द्यायचं?" मी सांगितले. त्यानंतर रोज फोन येऊ लागला आणि मी भिंतीकडे तोंड करायचे सोडले. भंगारवाल्याचे ती आजवर माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. तिची पार्सले बंद झाली असे समजू नये, अजून येतात. पण भांड्याचे एकही येत नाही.

प्रीतमला मी दुकानाचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सुटलो, आई. मला वाटत होतं, तू शेवटी मला गल्ल्यावर बसवणार." इतकी वर्षे तो त्या भीतीने दुकान बंद करायच्या मागे होता आणि मी समजत होते त्याला पैशाची हाव सुटली आहे. माझा त्याच्यावर राग नाही. थोडा आहे, पण तो फ्लॅटबरोबर त्याला देऊन टाकला असे समजावे.

कलम ९. दुकान देताना अट. दीपाने दरवर्षी मे महिन्यात व दिवाळीनंतर माळ्यावरची भांडी जागृतीला व प्रदीप यांना दाखवावीत. ज्या व्यक्तीचे नाव भांड्यावर आहे तिच्याखेरीज कोणालाही भांडे देऊ नये. ठेवीचे भाडे घेऊ नये. यात कसूर झाल्यास दुकानाचा गाळा दीपाकडून काढून जागृतीला द्यावा.

कलम १०. वरीलप्रमाणे सर्व लिहून झाल्यावर, सह्यांसाठी अण्णा, प्रदीप व प्रतीक्षाताई दुकानात आले. मी खुर्चीत होते, दीपा गल्ल्यावर. वाचून दाखवत होते, कलम नऊ वाचून झाले आणि रखमा दुकानात शिरली. भट्टीवरून कालच परतली होती, उन्हाने काळवंडली होती. मला वाटले, ती नेहमीसारखी माझ्याकडे येईल. ती सरळ गल्ल्याकडे गेली.

"दीपा, माजा हंडा काड गं."

दीपा नव्या लोखंडी शिडीवर चढली. सवयीने मी खुर्चीतून अर्धी उठले, कुठला हंडा कुठे आहे ते सांगायला.

"तू बस गं मंदाबाय," रखमा म्हणाली, "तुजा आता वर काय काम हाय?"

सगळे हसले, अण्णा सर्वांत मोठ्याने. मला राग आला. खरेच आला. इतकी वर्षे त्या माळ्याची काळजी मी वाहिली आणि ही बाई मला बस म्हणते! दीपाने हंडा खाली आणला. रखमाने तो उलटा करून बूड पाहिले, बोटाने वाजवून पाहिला, दरवर्षी पाहते तसाच, आणि मग दीपाला म्हणाली, "दिवाली झाली का परत येन. यंदा आजून चार जनी हायत, नवीन लगीन झालेल्या. तेंचा ठेवशील ना?"

"ठेवीन की. नावं आहेत का वर?"

"नाय. तूच घाल."

दीपाने बरे म्हटले. रखमाने हंडा डोक्यावर घेतला आणि ती गेली. कोणी कोणाला काही लिहून दिले नाही. मी मात्र हातात कागद घेऊन बसले होते आणि त्यावर माझ्या सुनेसाठी अट लिहिलेली होती. दीपाचे तोंड मी पाहिले. तिने ती अट ऐकली होती, आणि तरी रखमाच्या एका शब्दावर ती शिडी चढली होती.

म्हणून कलम नऊ मी आत्ता, सर्वांसमोर, माझ्या हाताने खोडले आहे. प्रतीक्षाताई म्हणाल्या, "काकू, खाडाखोड नको, नवा कागद घेऊन परत लिहा." मी नको म्हटले. खोडलेले दिसू दे. प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी माझी व साक्षीदारांची सही आहे. दुकान दीपाला बिनशर्त दिले आहे आणि माळ्यावर काय ठेवायचे, कसे ठेवायचे, ते ती आणि त्या बायका बघतील. माझा राग रखमा वळणापर्यंत पोचायच्या आत गेला. आज घरी जाऊन मी झोपणार आहे.

हा सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खाली सही करत आहे.

सही: मंदाकिनी यशवंत सावे

आम्ही खालील साक्षीदार दुकानात एकत्र हजर होतो. मंदाकिनीबाईंनी आमच्यासमोर कलम नऊ खोडले व आमच्यासमोर सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: अण्णा (भजीवाले), बोईसर बाजार. सही
साक्षीदार २: प्रदीप (चपलांचे दुकान), बोईसर बाजार. सही

ठिकाण: बोईसर
दिनांक: १९ मे २०२५